मापाच्या वहीतला ॲम्प्लिफायर

६ जानेवारी

दुकान बंद करून आज एक महिना झाला. कपाटात मापाच्या तीन कोऱ्या वह्या उरल्या आहेत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं आहे: गिऱ्हाईक, उंची, छाती, कंबर, बाही. तळाला एक ओळ, 'खास सूचना'. कोरी वही टाकून देववत नाही, म्हणून दैनंदिनी लिहायला घेतली. रात्रीचं जेवण झालं की लिहायचं असं ठरवलंय.

दुकान का बंद केलं, असं कुणी विचारलं की मी 'आता पुरे झालं' म्हणतो. इथे खरं लिहायला हरकत नाही. काळ्या पॅन्टला मी गडद निळा दोरा घातला, आणि ते मला नाही, गिऱ्हाइकाला दिसलं. चाळीस वर्षं पुरुषांचे सूट शिवल्यावर ही पाळी आली, तेव्हा मीच कात्री खाली ठेवली. डोळ्यांनी दगा दिला तरी हात मात्र शिवशिवतात. महिनाभरात घरातली प्रत्येक उशी उसवून पुन्हा शिवून झाली आहे.

तर मुद्द्याची गोष्ट. आमची ही दोन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीतून निवृत्त झाली आणि तिसऱ्या दिवशी एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आली. मला वाटलं, कुणाची तरी ठेवायला आणली असेल. आता ती आठवड्यातून तीनदा सरावाला जाते. तिघीजणी आहेत. इस्पितळातली सिस्टर ड्रम वाजवते, थिएटरच्या खिडकीवरची तिकीटबाई गाते आणि ही गिटार. २२ मार्चला वाचनालयाच्या नव्या हॉलमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम आहे.

काल ही सरावाहून आली ती जरा गप्पच होती. जो ॲम्प्लिफायर वापरायची तो सिस्टरच्या भावाचा. भाऊ महिनाअखेर दुसऱ्या गावी चाललाय, सोबत ॲम्पही चालला. ॲम्पशिवाय ही गिटार म्हणजे नुसती फळी, हे मलाही कळतं.

मी म्हटलं, "आणू की नवा."

ती म्हणाली, "दुकानात पुष्कळ तयार मिळतात."

तयार. हा शब्द माझ्या घरात. आयुष्यात मी तयार सदरा विकत घेतला नाही, आता तयार पेटी घेऊ? किट मिळतं म्हणे, सगळे भाग सुटे येतात, आपण जोडायचे. म्हणजे कापड, अस्तर, बटणं असं वेगवेगळं. मग शिवणारा घरातच बसलाय.

९ जानेवारी

रेडिओवाल्यांकडे जाऊन आलो. तीस वर्षं आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. ते सगळं दुरुस्त करतात, पण जुन्या सवयीने लोक त्यांना रेडिओवालेच म्हणतात. मला ते मास्तर म्हणतात.

"मास्तर, पहिल्यांदाच करताय ना? मग किट बघू नका. आधी पुस्तिका बघा," ते म्हणाले. "भाग सगळ्यांचे सारखेच. पुस्तिकेत पायरीपायरीचं चित्र आहे का, चुकलं तर कुठे शोधायचं ते लिहिलंय का, विचारलं तर विकणारा उत्तर देतो का, एवढं बघायचं."

दुसरं असं, की छापील पाटीवर भाग खोचायचे असलं किट नको. मोठी जागा, हाताने ओढायच्या तारा, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. तिसरी गोष्ट सांगताना मात्र त्यांनी हसणं थांबवलं. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज असते, आणि बटण बंद केल्यावरही ती कंडेन्सरमध्ये दबा धरून बसते. ती कशी उतरवायची हे त्यांच्यासमोर शिकल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. तपासताना एक हात कायम खिशात, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही.

"खिशाचं मला सांगू नका," मी म्हटलं.

चौथंही काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात चहा आला.

तीन किटांची माहितीपत्रकं दिली. एक वॅटचं, पाच वॅटचं आणि अठरा वॅटचं. पेटी आणि स्पीकर तिन्हींसोबत येतात.

१२ जानेवारी

आज मोजमापाचा दिवस. टेप गळ्यात अडकवल्यावर महिन्याभरात पहिल्यांदा माणसात आल्यासारखं वाटलं.

मागची खोली, जिथे ही वाजवते, ती अकरा फूट बाय नऊ. शिवणयंत्राशेजारचा कोनाडा बावीस इंच. दरवाजा बंद करून स्वयंपाकघरात उभं राहिलं की किती ऐकू येतं, तेही बघितलं. वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षक राहतात, त्यांच्या जमिनीपर्यंत नऊ फूट चार इंच. सगळं कागदावर मांडलं. एक वॅटचं खेळण्यासारखं दिसतं. अठरा वॅटची पेटी कोनाड्याबाहेर चार इंच येते, शिवाय वरचे सर पोलीस बोलावतील. पाच वॅटचं कोनाड्यात असं बसतं जसं काही माप घेऊनच केलंय. आवाज खोलीतल्या खोलीत राहील.

ही दारात उभी राहून बघत होती. "काय काय मोजलंत?" म्हणाली.

"सगळं मोजलं."

ती हसली आणि भाजी चिरायला गेली.

टेप शोधताना दुकानातल्या सामानाची पेटी उघडावी लागली. वरच गडद निळ्या लोकरी कापडाचा तुकडा होता, कोटाला पुरेल एवढा. दुकान आवरायच्या दिवशी हिने त्यावरून हात फिरवत विचारलं होतं, "हे कुणाचं?" मी म्हटलं, कुणाचंच नाही, आणि पेटीत घातलं. कसर लागलेली नाही. हिचे कपडे मी कधी शिवले नाहीत. मी पुरुषांचा शिंपी, आणि तिनेही चौतीस वर्षांत कधी मागितलं नाही.

बटणांच्या डब्यात हिची नखी सापडली. तारा छेडायची ती प्लॅस्टिकची त्रिकोणी चकती. कालची साखरेच्या डब्यात होती. कुठेही ठेवते.

१४ जानेवारी

अठरा वॅटच्या माहितीपत्रकाचा कोपरा कुणीतरी दुमडला होता. टेबलावर वस्तू इकडेतिकडे होतात, त्यात झालं असेल. मला चुरगळलेला कागद बघवत नाही. इस्त्री तापलेलीच होती, हलका हात फिरवून पान सरळ केलं.

संध्याकाळी ही म्हणाली, "अठरा म्हणजे पाचापेक्षा किती मोठं असतं हो?"

म्हटलं, "तू कशाला काळजी करतेस? तुला पाच पुष्कळ झाले."

"हॉल मोठा आहे म्हणे," ती म्हणाली.

हॉल मोठा असला तर खुर्च्या जास्त लागतील. ॲम्पला काय त्याचं?

१५ जानेवारी

वरचे सर जिन्यात भेटले. म्हणाले, "काल काही ऐकू आलं नाही." टोमणा कळला मला. मान डोलावून खाली आलो.

१८ जानेवारी

पाच वॅटचं किट मागवलं. त्याची पुस्तिका सगळ्यात चांगली आहे, साठ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला चित्र. हिला सांगितलं तर "बरं," म्हणाली. खूश दिसली.

२७ जानेवारी

किट आलं. भाग मोजून घेतले, एकशे बेचाळीस. एवढ्या भागांत मी तीन सूट उरकले असते. रेझिस्टर नावाचे तांदळाएवढे दाणे असतात, त्यांच्या अंगावर रंगीत पट्टे. त्या पट्ट्यांवरून कोण कुठला ते ओळखायचं. मी खिडकीत बसून पाहिलं, तपकिरी आणि लाल मला सारखेच दिसतात. ही समोर बसली होती, म्हणून "अरे वा, छान छान" असं करत डबा बंद केला आणि रेडिओवाल्यांकडे नेला. त्यांनी मीटर लावून एकेक दाणा चिठ्ठी चिकटवून दिला. माणूस चांगला आहे.

२ फेब्रुवारी

सोल्डरिंग म्हणजे धातूची शिलाई. आधी दोन्ही भाग नीट तापवायचे, मग सोल्डर आपणहून वाहतं. घाई केली की वरवर चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी सुटतं, कच्च्या टाक्यासारखं. दिवसभर जुन्या तारांवर हात बसवला. बोटाला दोन फोड. रेडिओवाल्यांनी साठलेली वीज उतरवायची रीत सहा वेळा करून घेतली आणि सातव्यांदा मुद्दाम माझ्याशी गप्पा मारत राहिले, विसरतो का बघायला. नाही विसरलो.

भावाचा ॲम्प काल गेला. ही मागच्या खोलीत ॲम्पशिवायच वाजवते, खूप हळू. मध्येच थांबते आणि कान गिटारला लावते.

९ फेब्रुवारी

सगळ्या तारा जोडून झाल्या. आत नुसतं जंगल दिसत होतं. पुस्तिकेतल्या चित्रातही तारा अशाच वेड्यावाकड्या पसरलेल्या आहेत, पण म्हणून आपण तसंच ठेवायचं? कोटाचं अस्तर कुणी बघत नाही, तरी आपण ते सरळ लावतोच. मी सगळ्या तारा एकत्र घेतल्या, मेण लावलेल्या दोऱ्याने अर्ध्या अर्ध्या इंचावर टाके घालून त्यांची जाडजूड वेणी केली आणि ती कडेकडेने फिरवली. बघत राहावं असं काम झालं. हिला दाखवलं. "किती सुबक हो," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

११ फेब्रुवारी

फजिती. रेडिओवाल्यांच्या टेबलावर ॲम्प सुरू केला आणि त्याने अशी किंकाळी फोडली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. रेडिओवाल्यांनी बंद करून, वीज उतरवून पेटी उलटी केली, आत पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मास्तर, तीस वर्षांत असला ॲम्प बघितला नाही. याला फ्रेम करा."

मग समजावलं. गिटारकडून येणारा आवाज बारीक, त्याची तार वेगळी. मोठा होऊन स्पीकरकडे जाणारा आवाज दांडगा, त्याची तार वेगळी. दोघी जवळजवळ झोपल्या की मोठीचं बोलणं बारकीला ऐकू जातं, बारकी ते पुन्हा आत नेऊन मोठं करते, आणि ते फिरत राहतं. दोन बडबड्या शेजारणींना एका बाकावर बसवलं मी. तारा लांब लांब ठेवायच्या, आणि भेटल्याच तर काटकोनात ओलांडायच्या. पुस्तिकेतल्या चित्रात त्या उगाच वेड्यावाकड्या नव्हत्या.

एकशे अकरा टाके होते. एकेक उसवले.

१६ फेब्रुवारी

वाजला! किंकाळी नाही, घुरघुर नाही. ही कोनाड्यासमोर स्टुलावर बसली, एक तार छेडली आणि माझ्याकडे बघून हसली. जीव भांड्यात पडला. मग तिने आवाजाचं बटण हळूहळू शेवटपर्यंत फिरवलं, एकदा वाजवलं, आणि बटणाकडे थोडा वेळ बघत राहिली. अजून पुढे आहे का बघत असावी. नाही, तिथेच संपतं.

"तुम्ही केलंत हे," ती म्हणाली. माझ्या फोड आलेल्या बोटावर हात ठेवला. चाळीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने असं केलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

परवा ॲम्प सरावाला नेला होता, आज घरीच ठेवून गेली. "राहू दे, उगाच ने-आण," म्हणाली. ओरखडे पडतील म्हणून जपत असणार. मला भरून आलं. आजच्या आज त्याला खोळ शिवायला घेतली. जाड कापड, आतून मऊ अस्तर, उचलायला दोन पट्टे. रविवारी तिला न सांगता ॲम्प खोळीत घालून सरावाच्या जागी घेऊन जाईन. तिला वाटेल, आभाळातून पडला.

२३ फेब्रुवारी

लिहायला बसलोय, पण कुठून सुरू करावं कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

सराव बंद पडलेल्या छापखान्याच्या मोठ्या खोलीत असतो. मी ॲम्प घेऊन जिना चढलो. दारातून पाहिलं. सिस्टर ड्रमवर, तिकीटबाई माइकसमोर, आणि ही बाजूला उभी राहून खुळखुळा वाजवत होती. गिटार भिंतीला टेकवलेली, पिशवीतून काढलीही नव्हती.

मला वाटलं ॲम्प नाही म्हणून. मोठ्या तोऱ्यात आत गेलो, खोळ काढली, म्हटलं, "घ्या, आला तुमचा ॲम्प." तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. सिस्टर काहीतरी बोलणार होती, पण हिने मानेनेच तिला थांबवलं. गिटार काढली, तार जोडली. गाणं सुरू झालं.

हिची बोटं चालताना दिसत होती, आणि आवाज नव्हता. मी दोन पावलं पुढे गेलो, तरी नाही. सिस्टर खूप जोरात वाजवते असंही नाही, ड्रम म्हटले की एवढा आवाज व्हायचाच. हिने बटण शेवटपर्यंत नेलं, तर गिटारचा सूरच फाटला, खरखर व्हायला लागली. मग तिने बटण मागे आणलं आणि तशीच, ऐकू न येता, मन लावून गाणं संपेपर्यंत वाजवत राहिली. माझ्यासाठी.

मध्ये एक जागा होती. ड्रम थांबले, गाणं थांबलं, आणि तेवढ्यात हिची गिटार एकटी बाहेर आली. दहा-बारा सूर असतील. मी दोन वर्षं ते मागच्या खोलीच्या दारातून, भाजीच्या फोडणीतून ऐकले होते. समोर उभं राहून आज पहिल्यांदा ऐकले. मला गाण्यातलं कळत नाही. पण हाताला जमलेलं काम मला कळतं, आणि हे तसं काम होतं. मग ड्रम सुरू झाले आणि ती पुन्हा बुडाली.

खाली सोडायला सिस्टर आली. "मास्तर, ताईंनी आम्हाला सांगितलंय, कार्यक्रमात मी खुळखुळाच वाजवते म्हणून. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. 'ह्यांनी एवढ्या हौसेने केलंय, वाईट वाटेल,' असं त्यांचं."

रिकामी खोळ बगलेत धरून चालत घरी आलो.

२४ फेब्रुवारी

सकाळी रेडिओवाल्यांकडे गेलो. "त्या दिवशी चौथं काय सांगत होतात तुम्ही?"

"चौथं? अहो तेच तर मुख्य. कोण वाजवणार, कुठे वाजवणार आणि कुणाबरोबर, ते विचारा. घरातल्या खोलीला पाच वॅटसुद्धा जास्तच. ड्रमबरोबर स्वच्छ वाजवायचं तर अठरा तरी हवेत. आम्हाला वाटलं तुम्ही वहिनींना विचारून घेतलंत."

कपाळावर हात मारला. मी खोली मोजली, कोनाडा मोजला, छतापर्यंतचं अंतर मोजलं. चाळीस वर्षांत अंगाला टेप लावल्याशिवाय एका कापडाला कात्री लावली नाही, आणि इथे गिऱ्हाईक सोडून सगळ्यांची मापं घेतली. हे लिहिताना कान गरम झाले आहेत.

दुपारी ती कपडे वाळत घालत होती. मी टेप गळ्यात घालून समोर उभा राहिलो.

"तुला कुठला हवा होता?"

"हा चांगला आहे की. घरी वाजवायला छान आहे."

"अगं, मी विचारतोय ते सांग."

तिने हातातला टॉवेल दोनदा झटकला. "अठरा वॅटचा. पान दुमडून ठेवलं होतं मी."

"मला वाटलं टेबलावर मुडपलं. मी इस्त्री केली त्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोरीला धरून जी हसायला लागली, ती थांबेचना. "इस्त्री," म्हणायची आणि पुन्हा हसायची. मीही हसलो. पण मला वाईट वाटलं होतं, ते सांगून टाकलं. "मला सरळ का नाही म्हणालीस?"

"तुम्ही सगळं मोजलंय म्हणालात," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं रेकॉर्ड खोलीत हळू बोलायची सवय. तिथे कुणाला मोठ्याने बोलू देत नसत. गिटार घेतली ती त्याच्यासाठीच. एकदा तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं असं वाटायचं."

कार्यक्रमाला सव्वीस दिवस आहेत. अठरा वॅटचं किट मागवलं. ती शेजारी उभी असताना मागवलं.

२५ फेब्रुवारी

पाच वॅटचा कुणाला देऊन टाकू नका म्हणाली. "तो माझा घरचा."

५ मार्च

नवं किट आलं. दोनशे सहा भाग. मी डबा उघडला आणि मग ज्या गोष्टीला तोंड द्यायचं टाळत होतो तीही उघडली. "तपकिरी आणि लाल मला वेगळे दिसत नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मोजे दोन रंगांचे घालून जाता."

रेकॉर्ड खोलीतली बाई आहे. खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि फायलीवरचे नंबर वाचावेत तसे दाणे वाचायला लागली. तपकिरी, काळा, पिवळा, एक लाखाचा. लाल, लाल, लाल, दोन हजार दोनशेचा. दोन तासांत सगळे लावून, चिठ्ठ्या घालून मोकळी. मीटरने तपासले, एकही चूक नाही.

११ मार्च

तारांच्या वेण्या घातलेल्या नाहीत. हात फार वळवळत होते. हिने मेणाचा दोराच लपवून ठेवला आहे.

अवघड जागेचे चार जोड तिने दिले. माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. लिहून ठेवतो, तिला सांगितलेलं नाही.

१५ मार्च

रेडिओवाल्यांनी तासभर तपासला, एक हात खिशात घालून. मग बटण दाबलं. काहीच ऐकू येईना. ते म्हणाले, "चालू आहे मास्तर. इतका शांत आहे म्हणून कळत नाही." हिने गिटार जोडून एक सूर लावला आणि दुकानातली काच थरथरली.

घरी आणून वाजवत होती तेवढ्यात दारावर थाप. वरचे सर. मी क्षमा मागायच्या तयारीने दार उघडलं.

"कार्यक्रमाला कुणालाही येता येतं का?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं मी टीव्ही बंद करून ऐकतोय. मध्यंतरी ताई वाजवत नव्हत्या तेव्हा तुम्हाला म्हणालोही, काल काही ऐकू आलं नाही म्हणून. तुम्ही नुसती मान हलवलीत."

त्यांना चहा दिला. दोन कप दिला.

२२ मार्च

कार्यक्रम दुपारी चारला होता, घरी येऊन लगेच लिहितोय.

मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. डावीकडे वरचे सर, उजवीकडे रेडिओवाले. ही स्टेजवर आली, ॲम्प सुरू केला, आणि नखी सापडेना. अंगाला इथे तिथे चाचपलं, कपड्यांना खिसाच नाही. शेवटी गिटारच्या पट्ट्यात खोचलेली निघाली. तार लावून होईपर्यंत ती ओठांत धरून उभी राहिली. सगळा हॉल वाट बघत होता.

मग गाणं सुरू झालं. ड्रम होते, गाणं होतं, आणि दोघींच्या बरोबरीने, स्वच्छ, गिटार. खरखर नाही, ओढाताण नाही. बटण अर्ध्यावरच होतं, मला तिथून दिसत होतं. मधली ती जागा आली. तिने मान वर केली आणि ते दहा-बारा सूर थेट शेवटच्या रांगेकडे बघून वाजवले.

मी रडलो. रेडिओवाल्यांनी रुमाल दिला, तो सोल्डरच्या वासाचा होता.

वाचनालयाने मे महिन्यात पुन्हा बोलावलंय.

२३ मार्च

आज सकाळी ही वही उघडली, तर एका पानाचा कोपरा दुमडलेला. १२ जानेवारीचं पान.

मी दुमडलेलं नाही. म्हणजे कुणी ते सांगायला नको. रेकॉर्ड खोलीतल्या बाईपासून कागद लपवायचा म्हणजे तो खाऊनच टाकायला हवा. आधी जरा राग आला. मग वाटलं, हिने हे सगळं वाचलंय, जोड माझ्यापेक्षा स्वच्छ दिलेत तेसुद्धा, मग आता लपवायला उरलं काय?

पान सावकाश वाचलं. खोली, कोनाडा, वरच्या सरांच्या जमिनीपर्यंत नऊ फूट चार इंच. दोनदा वाचलं तरी काही कळेना. तिसऱ्यांदा खालच्या परिच्छेदाशी थांबलो.

इस्त्री शेजारी तापलेली होती. तिला हात लावला नाही. उठून पेटी उघडली, निळं कापड काढलं, खिडकीत नेऊन उजेडात पाहिलं. निळंच आहे. टेप गळ्यात घातला आणि हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये. माप घ्यायचंय."

ती आली. कापड बघितलं, दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभी राहिली. चौतीस वर्षं एका घरात राहतोय, आणि हिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच वर आहे हे मला आज कळलं.

गिऱ्हाईक: ही.
उंची: पाच फूट दीड इंच.
छाती: छत्तीस.
कंबर: तेहेतीस म्हणाली, चौतीस भरली, चौतीस लिहिली.
बाही: साडेएकवीस. डावी कोपराशी सैल, गिटारच्या दांडीवर हात फिरायला.

मग वहीतलं तळाचं वाचून विचारलं, "खास सूचना?"

"विचारताय?"

"विचारतोय."

तिने थोडा विचार केला. उजव्या हाताची दोन बोटं कमरेच्या जरा वर टेकवली.

"इथे एक खिसा," ती म्हणाली. "नखीपुरता."